चार बोटं वर

नवमीच्या सकाळी शरयूने लक्ष्मीकांतच्या सातही वह्या उचलल्या, पदराने पुसल्या आणि देवापुढच्या पाटावर एकीवर एक रचल्या. वर त्याचं पेन ठेवलं, पेनावर झेंडूचं फूल. मग वळून म्हणाली, "आता उद्या दसऱ्यालाच उठतील त्या. तोवर हात लावायचा नाही."

"एक तरी राहू दे ना, शरयू. छप्पन सालची तर अजून कोरीच आहे."

"कोरीही ठेवलीय पाटाखाली. कोरीलाच पूजेची जास्त गरज."

खंडेनवमी होती. दक्षिणेतून ग्वाल्हेरला आलेल्या शिपाईघरांत आज तलवारी पुजल्या जात होत्या, आणि खासगी बाजारातल्या या बाक्र्यांच्या घरात, जिथे तीन पिढ्या दरबारच्या दफ्तरात गेल्या, तिथे लेखण्या आणि वह्या. लक्ष्मीकांत दफ्तरात गेला नाही. तो मातीत गेला. कानपूरला शिकून आला आणि पावसाबरोबर माती कुठून निघते, किती निघते, कुठे जाऊन बसते, हे मोजत राहिला. सात वर्षं मोजत राहिला. आणि सात वर्षांत त्याला ते कळलं नव्हतं.

कोडं असं होतं. भिंडकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या एका थांब्याजवळ भरके आहेत; म्हणजे पावसाने फाटत फाटत गेलेली, जुन्या गोधडीसारखी चिंध्या झालेली जमीन. तिथल्या एका नाल्याच्या उतारावर त्याने एकोणपन्नास साली चाळीस लोखंडी मेखा ठोकल्या होत्या. हातभर लांब मेख, जमिनीच्या वर फक्त चार बोटं. पावसाने माती नेली की मेख तेवढी उघडी पडणार. पाच बोटं दिसली तर बोटभर माती गेली, इतकं सोपं. आणि खाली, नाल्याच्या तोंडाशी, पुराच्या पाण्याने बाटल्या भरून ठेवायच्या. बाटलीत गाळ किती बसतो ते बघायचं. वरून गेलेली माती आणि खाली आलेली माती, दोन्ही जुळायला हवी.

बाटल्यांत गाळ असायचा. कधी दोन बोटं, कधी तीन. पण दसऱ्याच्या सुट्टीनंतर, पाऊस संपून जमीन वाळली की लक्ष्मीकांत मेखा मोजायला जायचा, आणि चाळीसच्या चाळीस मेखा चार बोटं वर. पहिल्या वर्षी चार. दुसऱ्या वर्षी चार. सातव्या वर्षी चार. कुठे गवत, कुठे उघडी कड, कुठे गुरांची वाट. मेखांना जणू काही फरकच पडत नव्हता. म्हणजे चोरीचा माल रोज हाती लागत होता आणि गावातल्या एकाही घरातून काही गेलेलं नव्हतं.

त्याने काय काय मानून पाहिलं! माती काठ ढासळून येत असेल. वरच्या अंगाने, शेजारच्या तहसिलीतून येत असेल. बाटल्या चुकत असतील. एका वर्षी तर त्याला वाटलं, आपल्यालाच मोजता येत नाही, आणि त्याने शरयूला बोटांनी टेबलाची जाडी मोजायला लावली होती.

यंदा मात्र असं वाटत बसायला वेळ नव्हता. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार होता. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान त्यात विरघळलं, आता तो मध्यप्रदेशात विरघळणार, राजधानी भोपाळ. वरून कागद आला होता: कोणती कामं नव्या राज्यात न्यायची ते ठरवायचं आहे. आपल्या माती-मोजणी केंद्राने माती कुठून जाते आणि किती जाते, हे एका पानात, ऑक्टोबर संपायच्या आत कळवावं. आकडे परस्परांशी जुळत नसल्यास केंद्र बंद समजावं.

एका पानात. त्याच्याकडे सात वह्या होत्या, आणि पान नव्हतं.

काल फूलबागेजवळच्या कचेरीत त्याने मोठे बाबू जयसिंहराव यांच्याकडे कोरा कागद मागितला होता. जयसिंहरावांनी तीन चळती पुढे केल्या. एकीवर ग्वाल्हेर सरकारचं नाव, त्यावर आडवी रेघ. दुसरीवर मध्यभारत. तिसरीवर काहीच नाही.

"कोणता घेऊ?"

"अरे भई, नवा छाप आलाच नाहीये अजून," जयसिंहराव विड्याचं पान लावत म्हणाले. "असं करा, वर चार ओळी जागा सोडा. राज्य कोणतं ते बाद में भर देंगे. तुम्ही आधी मजकूर तर आणा! सात साल झाले, माती कुठून येते ते सांगत नाही तुम्ही. आमच्या घरी तर रोज दारातून येते."

सगळी कचेरी हसली होती. लक्ष्मीकांतही हसला होता, आणि जिना उतरताना त्याला वाटलं होतं की आपण नक्की कशाला हसलो?

आज वह्या पाटावर बसल्या आणि त्याचे हात एकदम रिकामे झाले. तो ओसरीवर गेला, आत आला, पुन्हा ओसरीवर गेला.

"किती येरझारा!" शरयू आतून म्हणाली. "जा ना कुठे तरी. देवदर्शन करून या."

"मी भरक्यांत जाऊन येतो."

"आज? नवमीला? सात वर्षांत कधी गेला नाहीत."

खरं होतं. नवमी-दसऱ्याला तो कधी ग्वाल्हेरचा लष्कर भाग सोडून गेला नव्हता. वडिलांच्या काळी दसऱ्याच्या स्वारीला हजर राहणं हे नोकरीइतकंच पक्कं होतं. स्वारीचा तो थाट ओसरला तरी घराने सवय सोडली नव्हती. तो मेखा मोजायला जायचा तो नेहमी नंतरच्या आठवड्यात.

छोटी गाडी आपल्या नेहमीच्या चालीने निघाली. कुणी धावत आलं तर त्याला घेऊन पुढे जाईल अशी. बाजरी काढणीला आली होती. लक्ष्मीकांत खिडकीशी बसला आणि विचार करायचा नाही असं ठरवून विचार करत राहिला. वाटेत नाल्यांना अजून पाणी होतं, चहासारखं तांबूस. ही माती. ही तर जाते आहे, माझ्या डोळ्यांसमोर जाते आहे. मग मेखांना का दिसत नाही?

थांब्यावर उतरून तो पायवाटेला लागला. भरक्यांच्या तोंडाशी आला तेव्हा त्याला आवाज आला.

ठण्.

मग थोडी शांतता. मग पुन्हा, ठण्, ठण्.

लोखंडावर लोखंड. त्याला आधी वाटलं, गावात लोहार आला असेल. पण आवाज गावातून नव्हता, उतारावरून होता. चार पावलं तो चालला आणि मग धोतर सावरून धावायलाच लागला.

उतारावर केंद्राचा चौकीदार दौलतसिंह इंगळे एका मेखेपुढे गुडघ्यावर बसला होता. दौलतसिंह जुन्या रिसाल्यातला दफेदार. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे गेले, आणि साठीकडे झुकलेल्या दफेदाराला मेखा आणि बाटल्या सांभाळायचं काम मिळालं. आज त्याने जुना खाकी कोट घातला होता, डोक्याला केशरी फेटा. शेजारी तबक: हळद, कुंकू, झेंडू, नारळ. त्याने मेख ओल्या फडक्याने पुसली, तेलाचं बोट फिरवलं, कुंकू लावलं, हात जोडले. मग घण उचलला.

"दफेदार! थांबा! हात थांबवा!"

दौलतसिंह ताडकन उठला आणि सावधान उभा राहिला. "साहेब, आज कसे? तयारी पुरी झाली नाही अजून. आपला मुआयना तर दसऱ्यानंतर असतो."

"हे काय करताय तुम्ही?"

"मेखा बसवतोय. पावसाळ्यात सगळ्या ढिल्या पडतात साहेब, अंग वर काढतात. आता ही पाहा, केवढी उघडी पडली होती, सहा बोटं! लाज वाटते बघायला. केली चार बोटं."

लक्ष्मीकांतने त्या मेखेकडे पाहिलं. कपाळाला कुंकू लावून ती सुस्नात, चार बोटं, नेमकी उभी होती.

"हे... दर वर्षी करता?"

"दर नवमीला. एकही चुकवली नाही. एक्कावन साली ताप होता मला, तेव्हा बायकोनं मेख धरली आणि मी ठोकली. रिसाल्यात नवमीला आम्ही आधी मेखांना कुंकू लावायचो, मग तलवारीला. मेख ढिली तर घोडा मोकळा, आणि घोडा मोकळा तर तलवार घेऊन काय करायचं?"

"पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

दौलतसिंहाने नवल वाटून पाहिलं. "आपणच की."

"मी?"

"पहिल्याच दिवशी. इथेच उभे होतात. म्हणालात, 'दफेदार, चार बोटं वर राहिली पाहिजेत. बोटभर कमी नको, बोटभर जास्त नको.' मी विचारलं, सगळ्या? आपण म्हणालात, एकूण एक."

लक्ष्मीकांतला तो दिवस आठवला. ऊन आठवलं, हे शब्दही आठवले. मेखा ठोकायला घेतल्या होत्या, आणि त्याला म्हणायचं होतं की ठोकताना. फक्त त्या दिवशी, ठोकताना. 'ठोकताना' हा शब्द तो बोललाच नव्हता. बोलायची गरज आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आणि कुंकू? कुंकू तर त्याने सातही वर्षं पाहिलं होतं. मेखेला कुंकू, त्याच्या घरी वहीला कुंकू. छान वाटलं होतं त्याला, दफेदार अवजारं पुजतो म्हणून. मेखांची डोकी घणाखाली फुलून कुत्र्याच्या छत्रीसारखी झाली होती, तीही त्याने पाहिली होती आणि मोजपट्टी खाली लावली होती.

तो उतारावर तसाच बसला. आता हसावं की ओरडावं, त्याला समजेना. माती जात होती. दर वर्षी जात होती, मेखा दर वर्षी खरं सांगत होत्या, आणि तो यायच्या आठवडाभर आधी त्यांना तेल-कुंकू लावून गप्प बसवलं जात होतं, त्याच्याच शब्दाखातर.

"साहेब," दौलतसिंह हळूच म्हणाला, "चूक झाली का माझी?"

"चूक झाली आहे, दफेदार. पण कुणाची, ते मला नीट कळत नाहीये."

"ढिली मेख ठोकायची नाही?"

"ती ढिली नव्हती. मेख वर आलीच नव्हती. जमीन खाली गेली होती."

दौलतसिंहाला हे पटेना. "मेख वर येते साहेब. घोड्यानं ओढली की येते वर."

"इथे घोडा कुठे आहे?"

म्हाताऱ्याने नकळत मागे वळून पाहिलं. लांबवर भरके, बाभळी, आणि ऊन. तो बराच वेळ पाहत राहिला. सात वर्षं ज्या घोड्यामागे तो मेखा आवळत होता, तो तिथे नव्हता.

"मग जमीनच मोकळी सुटली म्हणायची," तो स्वतःशीच म्हणाला.

"आणि मी काय सांगतेय सात वर्षं!" वरून आवाज आला. चौकीच्या दारात दौलतसिंहाची बायको विजयाबाई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. "दर वर्षी सांगते, पायरी घाला, भुई खाली चाललीय. तर म्हणतात, तुझे गुडघे दुखतात म्हणून तुला उंबरा उंच वाटतो. गुडघे माझे दुखतात, पण हातभर नाही दुखत!"

लक्ष्मीकांत उठून तिच्याकडे गेला. चौकीला पायऱ्या होत्या. चार. नाल्यातले चपटे दगड, एकाखाली एक.

"या आधीपासून होत्या?"

"कशाच्या! आले तेव्हा दार जमिनीला लागून होतं, कोंबड्या सरळ आत यायच्या. मग एक दगड लावला, मग दुसरा. चवथा यंदा श्रावणात. जात्यावर म्हणते ना मी,

पायरीखाली पायरी, बाई, मांडिली चवथी
भुई निघाली सासरी, नाही मागे ती पाहती.

यांना वाटतं बायकी गाणं आहे."

लक्ष्मीकांत वाकून बोटांनी पायऱ्या मोजू लागला. चार दगड मिळून सोळा बोटं, वर थोडी भेग. पावसाळे आठ. वर्षाला दोन बोटं. दफेदाराने सहा बोटांची मेख चारवर आणली होती; तीही दोनच. क्षणभर त्याला सगळं जुळलंसं वाटलं, आणि लगेच मन मागे सरलं. दारापुढची जमीन पावलांनीही झिजते, पागोळ्यांनीही झिजते. कोंबडीच्या वाटेवरून नाल्याची माती मोजायची? हे शास्त्र की काय आहे?

"दफेदार, किती मेखा ठोकून झाल्या?"

"अकरा, साहेब. एकोणतीस राहिल्या. त्या..." तो थांबला. "त्या तशाच ठेवायच्या?"

"तशाच."

लिहायला काही नव्हतं. वही पाटावर, पेन फुलाखाली, आणि घाईत तो मोजपट्टीही घरी विसरला होता. दौलतसिंहाने बाजेची सुतळी सोडून आणली. मग दोघे मेखेमागून मेखेकडे गेले: सुतळीचं टोक जमिनीला, मेखेच्या डोक्याशी गाठ, त्या गाठीपासून पुढची मेख, पुढची गाठ. दौलतसिंह गाठ मारायचा. पागेत घोडे बांधलेला हात, गाठ बारीक आणि पक्की. कडेच्या मेखा आठ बोटं उघड्या होत्या, गवतातल्या पाच. प्रत्येक मेख वेगळं बोलत होती. सात वर्षांत पहिल्यांदा त्या सारख्या नव्हत्या.

शेवटच्या मेखेशी आल्यावर दौलतसिंह म्हणाला, "साहेब, कुंकू तरी लावू?"

"लावा. कुंकू लावा."

एकोणतीस मेखांना त्याने कुंकू लावलं. घण मात्र प्रत्येकीपाशी नुसता टेकवला आणि उचलला. ते बघताना लक्ष्मीकांतने मान फिरवली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शरयूने त्याच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. "हे काय?"

"माती आहे. पाटावर ठेव, वह्यांच्या वर."

तिने ठेवली, आणि वर एक फूलही.

दसऱ्याला वह्या उठल्या. सोनं वाटून झाल्यावर तो माडीवर जाऊन बसला, सुतळी पट्टीवर मांडून एकेक गाठ मोजली, मग यंदाच्या बाटल्यांचे, सुट्या चिठ्ठ्यांवर टिपलेले आकडे घेतले. वरची माती, खालची माती. जुळत होती. अगदी काटेकोर नव्हे; दोन सख्ख्या भावांचे चेहरे जुळावेत तशी, थोडी इकडे थोडी तिकडे. पण जुळत होती. आणि तो हरखून जायच्या आतच त्याला दिसलं, की हे एकच साल आहे. बाकी सात वह्या? त्यांतल्या मेखांच्या रकान्यात जे होतं ते मातीचं मोजमाप नव्हतं. दफेदाराच्या इमानाचं होतं.

मजकूर घेऊन तो कचेरीत गेला. जयसिंहरावांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"बाक्रे, तुमची तब्येत ठीक आहे ना? 'सात वर्षांचे मेखांचे आकडे रद्द समजावेत, कारण दर खंडेनवमीस मेखा पूजा करून पुन्हा ठोकण्यात आल्या'? हे भोपाळला जाणार?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून काय लिहून टाकायचं? लोक हसतील. 'अपरिहार्य कारणामुळे' लिहा. नाही तर चौकीदाराचं नाव टाका, एक ओळ, और छुट्टी. नाही तर सर्वांत बरं, काहीच लिहू नका. यंदाचे आकडे जुळताहेत ना? मग मागचे त्याला जुळवून द्या. कोण येतंय मोजायला?"

लक्ष्मीकांत उभा राहिला. जयसिंहराव वाईट माणूस नव्हते. केंद्र टिकावं असं त्यांनाही वाटत होतं. सात वर्षं हातातून जाताना बघणं कुणाला आवडेल? त्याला क्षणभर खरोखरच कळेना, की टिकवायचं म्हणजे नेमकं काय. वह्या? मेखा? नाल्यावरची ती चौकी? त्याला घण नुसता टेकवणारा तो हात दिसला.

त्याने पेन घेतलं आणि त्या वाक्याखाली आणखी एक लिहिलं: 'मेखा चार बोटे वर राखण्याची सूचना माझी होती, चौकीदाराने ती अक्षरशः पाळली.' पायऱ्यांची ओळ त्याने तीनदा लिहिली, तीनदा खोडली, आणि शेवटी टीप म्हणून खाली ठेवली: 'चौकीच्या चार पायऱ्या, पुराव्यास कमकुवत, पण दुर्लक्षू नये.' सुतळी पाकिटात घातली.

"वर राज्य कोणतं लिहू?" जयसिंहरावांनी सुस्कारा टाकून विचारलं.

"जागा सोडा," लक्ष्मीकांत म्हणाला.

नोव्हेंबर आला. कचेरीवरची पाटी उतरली आणि बरेच दिवस भिंतीवर तिचा पांढरा चौकोन राहिला. टपालात चुकून इंदूरची पत्रं यायला लागली, थाटीपुरच्या कुणाची तरी बदली लक्ष्मीकांतच्या नावे आली आणि परत गेली. मार्गशीर्षात पाकीट आलं. वर नव्या राज्याचं छापील नाव. त्याने ते पहिल्यांदाच पाहिलं. मजकूर चार ओळींचा. मागील सात वर्षे धरू नयेत. एकोणतीस मेखांचे काम चालू ठेवावे. पहिले वर्ष सन १९५६ समजावे. अकरा मेखांबाबत केंद्रानेच निर्णय घ्यावा. सोबतची सुतळी कोणत्या नोंदीत घ्यावी हे न कळल्याने परत करीत आहोत.

शरयूला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आनंद व्हायला हवा ना?"

"झालाय," तो म्हणाला. "असं वाटतंय. सात वर्षं गेली आणि एक मिळालं."

दुसऱ्या दिवशी तो भरक्यांत गेला. एकोणतीस मेखा उघड्या उभ्या होत्या, कुणी आठ बोटं, कुणी पाच, थंडीतल्या उन्हात चकाकत. विजयाबाई दारात बाजरी पाखडत होती. दौलतसिंह चौकीपुढे उभा होता, उताराकडे पाठ करून. लक्ष्मीकांतने पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे चौकी राहिली," दौलतसिंह म्हणाला.

"राहिली. तुम्हीही."

"आणि मेखा अशाच? वर्षानुवर्षं? उघड्या?"

"अशाच."

दौलतसिंह आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात घण होता, फडक्यात बांधलेला, दांड्याला नवमीचं कुंकू अजून होतं.

"हा आपण घेऊन जा साहेब."

"कशाला दफेदार? राहू दे ना. लागेल कशाला तरी."

"घेऊन जा," तो म्हणाला. "दिवसा मी पाठ करून उभा राहतो. पण फेरी मारताना डोळ्याला दिसतात, आणि हात ऐकत नाही."

लक्ष्मीकांतने घण घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. परतीच्या गाडीत त्याला तो कुठे ठेवावा कळेना. फळीवर ठेवला तर कुणाच्या डोक्यावर पडेल, खाली ठेवावा तर कुंकू लागलेलं. शेवटी त्याने तो मांडीवर घेतला. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "भैया, लोहार हो क्या?"

तो 'नाही' म्हणणार होता. पण मग आपण कोण, हे सांगावं लागलं असतं. तो नुसता हसला आणि खिडकीतून खाली पाहू लागला. गाडी नाल्यावरून चालली होती. पाणी आटत आलं होतं आणि तळाशी बसलेला गाळ, मऊ, तांबूस, वाळून तडकत होता.